पाटी तेवढीच, नाव दुप्पट: अरुंद अक्षर दाबून का तयार होत नाही

‘औरंगाबाद’ या नावात अक्षरं पाच. ‘छत्रपती संभाजीनगर’मध्ये दहा, शिवाय मधली मोकळी जागा. फेब्रुवारी २०२३ मध्ये शहराचं नाव बदललं, ऑक्टोबर २०२५ मध्ये रेल्वे स्थानकाचंही बदललं. दुकानं, शाळा, पतसंस्था, एसटीच्या पाट्या, पावतीपुस्तकं, रबरी शिक्के अशा सगळ्या जागी नाव दुप्पट लांबीचं झालं. पाटीची लोखंडी फ्रेम मात्र होती तेवढीच राहिली. त्यात दुकानांच्या पाट्यांवर मराठी देवनागरी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत, अशी दुरुस्ती राज्याच्या कायद्यात २०२२ साली झाली होती. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अमलात आणायला दुकानदारांना दोन महिने दिले.

नाव लांब, अक्षर मोठं हवं आणि जागा तेवढीच. यावर बहुतेक फ्लेक्सच्या दुकानांत एकच उपाय होतो: नाव टाइप करायचं, कडेचं हँडल माउसने धरायचं आणि चौकटीत बसेपर्यंत आत ढकलायचं. नाव बसतं, पण अक्षर बिघडतं. पाटी ‘कशीतरीच’ दिसते हे सगळ्यांना जाणवतं, पण नेमकं काय बिघडलं ते बोट ठेवून सांगता येत नाही. याच अडचणीसाठी छपाईच्या जगात शंभराहून अधिक वर्षांपासून एक खास जातीचं अक्षर आहे. ते कसं घडतं, कुठे कामाला येतं आणि कुठे वापरू नये, ते पाहू.

## आधी दोनच शब्द

इंग्रजी पुस्तकातल्या अक्षरांच्या टोकांना बारीक पावलं फुटलेली असतात. त्यांना सेरिफ म्हणतात. ज्या अक्षराला ती नसतात आणि ज्याची रेघ साधारण एकाच जाडीची असते, ते सॅन्स-सेरिफ. देवनागरीत अशी पावलं मुळात नसतात. त्यामुळे आपल्याकडे या प्रकाराचा अर्थ एवढाच, की बोरूने लिहिल्यासारखी रेघ जाड-बारीक होत नाही, पाइप वाकवल्यासारखी एकसारखी राहते.

दुसरा शब्द कंडेन्स्ड, म्हणजे मुळातच अरुंद आखलेलं अक्षर. इथून पुढे त्याला अरुंद अक्षरच म्हणू. नेहमीच्या इंग्रजी फॉन्टमध्ये ‘एच’ची रुंदी उंचीच्या साधारण तीन-चतुर्थांश असते. अरुंद जातीत ती निम्म्याच्या आसपास येते.

## हे अक्षर कारखान्यात का वाढलं

पहिलं छापील सॅन्स-सेरिफ इंग्रजी अक्षर १८१६ च्या सुमारास लंडनच्या कॅसलन फाउंड्रीने, म्हणजे छपाईची अक्षरं ओतणाऱ्या कारखान्याने, दाखवलं. पुढे भिंतीवरच्या जाहिरातींचा जमाना आला. कागदाची रुंदी ठरलेली, मजकूर कमी-जास्त, म्हणून लाकडी खिळे, म्हणजे छपाईच्या अक्षरांचे ठोकळे, अरुंद, मध्यम, रुंद असे कापले जाऊ लागले. अमेरिकेत मॉरिस फुलर बेंटन यांनी १९०३ मध्ये ‘ऑल्टरनेट गॉथिक’ काढला, तोही तीन वेगवेगळ्या रुंदींत. मथळा स्तंभात बसेना तर शब्द न बदलता खिळा बदलायचा, ही त्यामागची सोय.

या अक्षराला लागणारं ‘इंडस्ट्रियल’, म्हणजे कारखानी, हे विशेषण मात्र जर्मनीकडून आलं म्हणायला हरकत नाही. प्रशियाच्या रेल्वेने १९०५ च्या सुमारास मालडब्यांवरच्या अक्षरांचे नमुने ठरवून दिले. त्याच धाग्यावर १९३६ मध्ये ‘डीआयएन १४५१’ हे जर्मन मानक आलं. ही अक्षरं चौकटीच्या कागदावर पट्टी आणि कंपास घेऊन आखता येत. कुठल्याही वर्कशॉपमधला माणूस ती काढू शकावा, हाच हेतू होता. त्यातही अरुंद आणि मध्यम अशा वेगळ्या रुंदी होत्या. या घराण्याची ओळख म्हणजे सरळ उभ्या बाजू. त्यातला ‘ओ’ भाकरीसारखा गोल नसतो, धावण्याच्या ट्रॅकसारखा असतो: दोन बाजू सरळ, वर-खाली अर्धगोल. बाजू सरळ असल्यामुळे अक्षरं एकमेकांना घट्ट लागून बसतात. उरूसाच्या गर्दीत माणसं तिरकी होऊन जागा करतात, तसं.

वाळूज किंवा चिकलठाण्याच्या एमआयडीसीत मशीनवरच्या नेमप्लेट, क्रेनच्या गर्डरवर रंगवलेली वजनाची मर्यादा, लाकडी खोक्यांवरचे नंबर नीट पाहा. बहुतेक ठिकाणी हीच जात दिसेल. जागा कमी, मजकूर थोडा, पण चुकीचा वाचला तर नुकसान मोठं, अशा कामासाठीच ती घडली आहे.

## तुमच्या गाडीवरही तीच गणितं आहेत

जुन्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवायची मुदत २०२५ मध्ये वारंवार वाढली, म्हणून हा विषय घरोघरी पोचला आहे. चारचाकीच्या प्लेटवर अक्षराची उंची ६५ मिलिमीटर, रेघेची जाडी १० आणि दोन अक्षरांतलं अंतर १० मिलिमीटर, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांत ठरलेलं आहे. लांब प्लेट ५०० मिलिमीटर रुंद असते. आता ‘एमएच २०’पासून शेवटच्या आकड्यापर्यंत दहा अक्षरं एका ओळीत मांडा. मधल्या नऊ फटींचे ९० मिलिमीटर वजा केले की ४१० उरतात, म्हणजे एका अक्षराच्या वाट्याला जास्तीत जास्त ४१. डावीकडची पट्टी आणि कडा सोडल्या तर आणखी कमी. उंची ६५ आणि रुंदी चाळिसाच्या आत. नियमात ‘अरुंद’ हा शब्दही नाही, पण आकडेच अक्षराला अरुंद करतात.

१० मिलिमीटरची जाडीही महत्त्वाची आहे. आठच्या आकड्यात तीन आडव्या रेघा, म्हणजे ३० मिलिमीटर काळं. उरलेल्या ३५ मध्ये दोन पोकळ्या, प्रत्येकी साडेसतरा. रेघ १४ ची केली तर पोकळी साडेअकरावर येते आणि लांबून आठ, सहा आणि शून्य सारखेच दिसू लागतात. आकडे वळवून ‘दादा’ किंवा ‘राम’ करणं नियमात बसत नाही, ते याच कारणाने. अपघात करून पळालेल्या गाडीचा नंबर रस्त्यावरच्या माणसाला एका नजरेत वाचता आला पाहिजे.

## पण दाबलं तर असं काय बिघडतं?

एक ठळक अक्षर घ्या. उभी दांडी २० मिलिमीटर जाड, शिरोरेषा १६ मिलिमीटर. नजरेला दोन्ही सारख्या वाटाव्यात म्हणून आडवी रेघ उभीपेक्षा थोडी बारीकच ठेवावी लागते. आता हे अक्षर फक्त आडव्या दिशेने ६० टक्क्यांवर आणा. उभी दांडी १२ मिलिमीटर झाली, शिरोरेषा १६ च राहिली. नातं उलटं झालं. जड तुळई आणि काटकुळे खांब, असं घर दिसतं. अनुस्वाराचा गोल टिंब अंड्यासारखा उभट होतो. वेलांटीची कमान टोकदार होते. तिरक्या रेघा खड्या होतात आणि बारीकही होतात.

शिंप्याचं उदाहरण घ्या. ढगळ सदरा दोन्ही बाजूंनी चिमटा घेऊन शिवला की अंगाला लागतो खरा, पण खिसे काखेत जातात. बारीक माणसासाठी कापड नव्यानेच बेतावं लागतं. अरुंद अक्षराचंही तेच आहे. त्यात उभ्या रेघेची जाडी राखून आतली मोकळी जागा कमी केलेली असते, आणि ती प्रत्येक अक्षरात वेगवेगळ्या प्रमाणात.

जुने पेंटर हे न सांगता करत. दोरी मारून वर-खाली रेघा आखल्या, खडूने अक्षरांच्या जागा धरल्या आणि नाव बसत नाही असं दिसलं की अक्षरं जवळ, उभट काढली. हातातला चपटा ब्रश मात्र तोच. ब्रशची रुंदी बदलत नाही, त्यामुळे रेघेची जाडीही बदलत नाही. म्हणून हाताने रंगवलेली अरुंद पाटी सहसा चुकत नसे. हे शहाणपण संगणकाच्या हँडलला नाही. त्याला रेघ आणि पोकळी यातला फरक कळत नाही, तो दोन्ही सारखंच दाबतो.

## देवनागरी अरुंद करणं जास्त अवघड का

इंग्रजी कॅपिटल अक्षरं एकमजली असतात. आपली तीन मजली. ‘कृषी सेवा केंद्र’ ही मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी दिसणारी पाटी पाहा. ‘कृ’चा ऋकार तळघरात, ‘षी’ची वेलांटी आणि ‘से’ची मात्रा वरच्या मजल्यावर, ‘कें’वर मात्रा आणि अनुस्वार दोन्ही. म्हणजे रुंदी वाचवून अक्षर उंच करू म्हटलं, तर उंचीच्या जागेत आधीच भाडेकरू आहेत.

दुसरी अडचण उभ्या दांड्यांची. ‘संभाजीनगर’ लिहून दांड्या मोजा: ‘स’ची एक, ‘भ’ची एक, काना एक, ‘ज’ची एक, वेलांटीची एक, ‘न’ची एक, ‘ग’ची एक. सात. ‘छत्रपती’त आणखी चार. या अकरा दांड्या एका मर्यादेपलीकडे बारीक करता येत नाहीत, त्यामुळे जागा कमी झाली की दांड्यांमधली हवाच कमी होते. ती सगळीकडे सारखी कमी झाली नाही तर शब्द काटेरी कुंपणासारखा दिसतो. ‘भ’चा काना ‘भ’चा आहे की पुढच्या ‘ज’ला चिकटलाय, ते डोळ्याला शोधावं लागतं. चांगल्या फॉन्टमध्ये सगळ्यात जास्त मेहनत या फटींवरच असते.

तिसरी अडचण दाट अक्षरांची. समजा अक्षराची रुंदी ६० मिलिमीटर आणि रेघ १४ ची आहे. दोन उभ्या रेघांच्या अक्षरात ३२ मिलिमीटर पांढरं उरतं. ‘ण’मध्ये रेघा तीन. तिथे १८ च उरतं आणि तेही दोन फटींत वाटलं जातं, प्रत्येकी ९. शेजारच्या ‘र’पुढे हा ‘ण’ शाईचा डाग वाटतो. म्हणून अक्षर आखणारा ‘ण’, ‘ष’, ‘झ’, ‘क्ष’ यांना किंचित जास्त रुंदी देतो किंवा त्यांची रेघ गुपचूप बारीक करतो. वाचणाऱ्याला ते कळत नाही, आणि कळू नये म्हणूनच ते केलेलं असतं.

आता चुका कुठे होतात ते पाहा. ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ बुजली की ‘बीड’चं ‘वीड’ होतं. ‘ख’चे दोन भाग खाली जोडलेले नसतील तर ‘खुलताबाद’ ‘रवुलताबाद’ वाचलं जातं. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातला फरक शिरोरेषेतल्या छोट्याशा तुटीवर उभा आहे. ती तूट दाबताना सगळ्यात आधी मिटते.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे मराठी माणसाने हट्टाने पाहायला हवं. मराठीतले ‘ल’ आणि ‘श’ हिंदीतल्यापेक्षा वेगळे आखले जातात, आणि ‘शेतकऱ्यांसाठी’मधला अर्धा ‘र’ मराठीला लागतोच. काही फॉन्टमध्ये तो नीट नसतो, किंवा टाइप करणारा त्याऐवजी रफार देतो. बियाण्यांच्या दुकानावर ‘शेतकऱ्यांसाठी’ हा शब्दच चुकलेला असावा, हे बरं नाही.

## मग पाटीच मोठी का करू नये?

जागा आणि पैसा असेल तर जरूर करा. रुंद, मोकळं अक्षर नेहमीच आधी. पण फ्रेम बदलता येत नसेल तर हिशोब असा मांडा. समजा पाटी ८ फुटांची, म्हणजे ९६ इंच. दोन्ही कडांना ६ इंच सोडले की ८४ उरले. नेहमीच्या फॉन्टमध्ये ६ इंच उंचीने नाव लिहायला ११० इंच लागतात. ते ८४ मध्ये आणायचं तर उंची साडेचार इंचांच्या आसपास येते. तेच नाव तीन-चतुर्थांश रुंदीच्या जातीत साडेब्याऐंशी इंचांत, पूर्ण ६ इंच उंचीने बसतं.

पाट्यांच्या धंद्यात एक ठोकताळा आहे: दहा फुटांना एक इंच. म्हणजे साडेचार इंचांचं अक्षर ४५ फुटांवरून आरामात वाचता येतं, ६ इंचांचं ६० फुटांवरून. अर्थात हा सगळा फायदा पदरात पडत नाही. सारख्याच उंचीचं अरुंद अक्षर रुंद अक्षराइतक्या लांबून वाचता येत नाही. तरी उंची राखल्याचा लाभ बहुतेक वेळा उरतो.

अक्षर बदलण्याआधी ओळ तोडून पाहा, हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. ‘छत्रपती’ वर, ‘संभाजीनगर’ खाली. योगायोगाने हे नाव दोन ओळींना फार सोयीचं आहे. वरच्या शब्दाला खाली लोंबणारा एकही उकार नाही. म्हणून खालच्या ओळीतला अनुस्वार आणि वेलांटी मावण्याइतकीच जागा मधे सोडली तरी पुरते. नाव ‘कृष्णूर’ असतं तर हे जमलं नसतं.

एकाच खांबावर बीड, परभणी आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन गावं असतील तर लांब नावाला अरुंद आणि ‘बीड’ला ऐसपैस अक्षर देऊ नका. रुंदी बदलली की डोळ्याला त्यात महत्त्वाचा फरक वाटतो. लांबात लांब नाव बसेल ती रुंदी सगळ्यांना द्या, ‘बीड’च्या पुढे मोकळी जागा राहिली तरी चालेल.

## कायद्यातलं ‘लहान नाही’ मोजायचं कुठे?

मराठी आणि इंग्रजी दोन्ही ४०० पॉइंटला ठेवलं म्हणजे आकार सारखा झाला, हा मोठा गैरसमज आहे. पॉइंटचा आकडा अक्षराचा नसतो, अक्षर ज्या अदृश्य चौकटीत बसतं तिचा असतो. देवनागरीला त्याच चौकटीत मात्रा आणि उकारही बसवायचे असतात, त्यामुळे बऱ्याच फॉन्टमध्ये मूळ अक्षर इंग्रजी कॅपिटलपेक्षा लहान पडतं. आकड्यावर विसंबू नका. स्क्रीनवर शिरोरेषेच्या वरच्या कडेपासून अक्षराच्या तळापर्यंतची उंची मोजा, इंग्रजी कॅपिटलची मोजा, आणि मराठी कमी भरली तर ती वाढवा.

पाकिटांच्या बाबतीत कायदा आणखी नेमका आहे. वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ मध्ये किंमत, वजन वगैरे माहितीच्या अक्षराची रुंदी उंचीच्या एक-तृतीयांशपेक्षा कमी नसावी असं म्हटलं आहे. एकचा आकडा आणि इंग्रजी ‘आय’, ‘एल’सारखी मुळातच बारीक अक्षरं यातून वगळली आहेत. लातूरच्या तूरडाळीचं एक किलोचं पाकीट छापणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. उंचीचा नियम पाळण्यासाठी अक्षर ताणून काडीसारखं करण्याची पळवाट इथे आधीच बंद केली आहे.

## कुठे वापरू नये

परिच्छेदाला अजिबात नाही. मथळा, नाव, आकडा, बाण असलेली पाटी इथपर्यंत ठीक. लग्नपत्रिकेतला किंवा औषधाच्या कागदावरचा बारीक मजकूर अरुंद अक्षरात म्हणजे वयस्कर वाचणाऱ्याला शिक्षाच. समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरने गाडी सेकंदाला ३३ मीटर धावते, तिथेही अरुंद अक्षर चुकीचं. रात्री हेडलाइट पडला की परावर्ती अक्षरं उजळतात, त्यांच्या कडा फुगल्यासारख्या दिसतात आणि आधीच लहान असलेल्या पोकळ्या बुजतात. आतून दिवे लावलेल्या पाट्यांनाही हेच लागू.

एलईडीची उठावाची अक्षरं करायची असतील तर फॉन्ट निवडण्याआधी बनवणाऱ्याला विचारा, की रेघेत दिव्याचं मॉड्यूल मावेल का. अरुंद आणि बारीक रेघेत ते मावत नाही आणि मग कारागीर रेघ फुगवून अक्षर बिघडवतो. पोत्यांवर स्टेन्सिलने छापायचं असेल तर ‘ब’, ‘व’, ‘क’ यांची पोटं पत्र्यातून गळून पडतात, त्यांना पूल सोडावे लागतात. अरुंद अक्षरात हा पूल पोटाच्या जवळपास निम्मी जागा खातो, म्हणून स्टेन्सिलसाठी मध्यम रुंदीच घ्या.

## कोणता फॉन्ट घ्यावा

मुक्त परवान्याचे, धंद्यासाठीही फुकट वापरता येणारे चांगले पर्याय आता आहेत. ‘खंड’ आणि ‘टेको’ हे इंडियन टाइप फाउंड्रीचे. ‘खंड’ पाट्यांना आणि मथळ्यांना शोभतो. ‘टेको’ जास्त चौकोनी आहे, मोठ्या आकारातच वापरावा. ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘अनेक देवनागरी’ नेहमीच्या रुंदीच्या ७५ टक्क्यांपासून १२५ टक्क्यांपर्यंत सरकवता येतो. हे सरकवणं हँडल ढकलण्यासारखं नाही. अरुंद टोकाची अक्षरं वेगळी आखलेली असतात आणि मधल्या रुंदी त्यावरून काढल्या जातात, त्यामुळे रेघेची जाडी टिकते. ‘नोटो सॅन्स देवनागरी’ तर साडेबासष्ट टक्क्यांपर्यंत अरुंद होतो. संगणकावरचं सॉफ्टवेअर जुनं असेल आणि रुंदीची पट्टी दिसत नसेल, तर त्याच फॉन्टची ‘कंडेन्स्ड’ नावाची सुटी फाइल बसवा. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटू शकतात, तेवढं तपासून घ्या.

छापायला देण्याआधी पाटी एक-दशांश आकारात साध्या कागदावर काढा. ८ फुटांची पाटी अशी २४४ मिलिमीटरची होते, ए-फोर कागदावर आडवी बसते. नावाखाली ‘शेतकऱ्यांसाठी’, ‘खुलताबाद’, ‘बीड’, ‘लाळ्या-खुरकूत’ हे चार शब्दही त्याच फॉन्टमध्ये छापा. कागद भिंतीला लावून ६ फुटांवर उभे राहा. रस्त्यावर ६० फुटांवरून पाटी जशी दिसेल, तशीच ती इथे दिसेल. डोळे थोडे बारीक करून वाचा, घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही वाचायला सांगा. ‘बीड’चा ‘ब’ ओळखू येत नसेल तर लगेच रुंदीला हात लावू नका. आधी फॉन्टची जाडी एक पायरी कमी करा, ठळकवरून मध्यमवर या, आणि तोच कागद पुन्हा छापून पाहा.